नळजोडण्या मोजल्या, पाणी मोजायचे राहिले

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर प्रत्येक घरासमोर नळ आहे. सिमेंटच्या लहानशा ओट्यात उभा केलेला पाइप, त्यावर तोटी आणि शेजारी योजनेचे नाव. होळीच्या सुमारास त्या तोटीचे पाणी बंद होते आणि पाऊस चांगला लागेपर्यंत एक थेंबही येत नाही. तरीही सरकारी नोंदीत आमची सगळीच्या सगळी घरे 'कार्यरत नळजोडणी' असलेली घरे म्हणून धरलेली आहेत, आणि ही नोंद दुरुस्त करा असे कितीही वेळा लेखी कळवले तरी ती जशीच्या तशी राहते, याचा मला मनस्वी संताप येतो.

हे नळ ज्या योजनेतले, त्या जलजीवन मिशनची, म्हणजे ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळाने पाणी देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेची, घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. माणशी दररोज किमान ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे, नियमित आणि दीर्घकाळ मिळणारे पाणी, अशी कार्यरत जोडणीची व्याख्या या योजनेनेच केलेली आहे. ही व्याख्या उत्तम आहे. ती कोणी तरी आमच्या पाड्यावर मे महिन्यात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवावी, एवढीच माझी इच्छा आहे. २०२४ ची मुदत उलटली, आता २०२८ सांगितले जाते. मुदत वाढवल्याबद्दल माझी तक्रार नाही. काम अवघड आहे हे आम्हालाही कळते. पण पाइप टाकला, तोटी बसवली, छायाचित्र काढले की काम झाले, असे जे धरले जाते ते सरळ खोटे आहे.

खरे दुखणे उद्भवात, म्हणजे योजनेला जिथून पाणी मिळते त्या स्रोतात आहे. आमच्या भागात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण खाली काळा बेसाल्ट आहे. या खडकात पाणी साठते ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. उरलेले सगळे उतारावरून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला निघून जाते. म्हणूनच दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. ही गोष्ट पाड्यावरच्या कोणत्याही बाईला विचारली असती तर तिने सांगितली असती, कारण कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो याचा हिशेब तिच्या डोक्यावरच्या हंड्याने तिला शिकवलेला आहे. योजनेची विहीर मात्र जिथे जागा सहज मिळाली तिथे खोदली गेली आणि तिची उपसा चाचणी, म्हणजे पंपाने पाणी उपसून विहीर किती पाणी देते हे पाहण्याची चाचणी, घेतली गेली ती पावसाळा सरल्यावर, जमिनीत पाणी भरलेले असताना. त्या आकड्यावर टाकीची क्षमता ठरली, जलवाहिनीचा व्यास ठरला, अंदाजपत्रक मंजूर झाले. उन्हाळ्यात पाणी पुरेल की नाही हे ज्या चाचणीतून कळायचे, ती उन्हाळ्यातच घ्यायला हवी, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. मग अभियंत्यांनी ते का केले नाही?

पाणी असते त्या महिन्यांतही ते रोज येत नाही. विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळले तर दुरुस्तीला आठवडे लागतात, पंपचालकाचे मानधन थकते, आणि वीजबिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो, कारण वर्षातले निम्मे दिवस कोरडा राहणाऱ्या नळाची पाणीपट्टी भरायला लोक तयार होत नाहीत. मग वसुली नाही म्हणून गावालाच बोल लावला जातो. शहरातून आलेले अधिकारी सभेत उभे राहून आदिवासी कुटुंबांना 'पाण्याची किंमत ओळखा' असे सांगतात, तेव्हा अक्षरशः तळपायाची आग मस्तकात जाते. मैलभर चढ चढून पाणी आणणाऱ्या बाईला पाण्याची किंमत शिकवायची?

यानंतर येतो टँकर. टंचाई आराखड्यात ग्रामीण भागासाठी माणशी २० लिटरचे प्रमाण धरले जाते; पिणे, स्वयंपाक, धुणे, अंघोळ, सगळे त्यातच. तेवढ्यासाठीही प्रस्ताव करा, पाहणी होऊ द्या, मंजुरीची वाट पाहा. आणि गावात नळयोजना झालेली आहे, मग टँकर कशाला, हा शेरा मारून कागद परत येतो. न येणाऱ्या पाण्याची नोंद अशी आमच्याच मुळावर उठते. टँकर आलाच तर तो कोरड्या विहिरीत रिकामा केला जातो, तळातला गाळ ढवळून वर येतो आणि ते गढूळ पाणी दोरीने शेंदून घरी न्यावे लागते. त्यात पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर किती टाकली, टाकली की नाही, हे कोणी तपासत नाही. मुलांना जुलाब लागले की मगच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो.

आणि हे सगळे कुठे घडते? तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे ज्या परिसरात आहेत, तिथे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. आज सात तलावांतून मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जाते. मुंबईकरांनी तहानलेले राहावे असे आमच्यापैकी कोणीही म्हणत नाही. पण डोंगर फोडून शंभर किलोमीटर पाणी नेण्याचे कौशल्य ज्या राज्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होते, त्याला धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यापर्यंत पाणी चढवता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. इथे तंत्राची उणीव नाही, आम्हाला मोजण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आता गावातल्या प्रत्येक घराला नळाने पाणी मिळते असे सांगणाऱ्या 'हर घर जल' प्रमाणपत्रासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जात आहे. ही ग्रामसभा मे महिन्यात, योजनेच्या विहिरीच्या काठावर घ्यावी, असे आम्ही लेखी कळवले आहे. उद्भवाची चाचणी त्याच दिवशी सर्वांसमोर करा, माणशी किती लिटर मिळते ते फलकावर लिहा, आणि एक पूर्ण उन्हाळा नळाला पाणी आल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक काढू नका. तोपर्यंत ठरावावर आमच्या पाड्यावरची एकही सही किंवा अंगठा मिळणार नाही.