खुलासा : वसाहत रद्द झालेली नाही
‘शिवारातली नियोजित वसाहत रद्द, आता हरकती नकोत’ असा मेसेज बेळगावात वडगाव-शहापूरकडे फिरतोय. तसं काही झालेलं नाही. रहिवाशांचा अर्ज मी वाचलाय. मागणी फेरविचाराची आहे, रद्द करण्याची नव्हे. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात तुंबतं, भराव घातल्यावर ते जाणार कुठं, हा मुख्य मुद्दा. (रस्त्याच्या रुंदीचाही आहे, पण खरं दुखणं पाणीच.)

1987 च्या कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायद्यात कलम 17 ची, म्हणजे जमीन घेण्याच्या प्रस्तावाची, नोटीस हातात पडल्यापासून जमीनमालकाला म्हणणं मांडायला 30 दिवस मिळतात. कलम 19 ची अंतिम अधिसूचना त्यानंतरची. मेसेजवर विसंबून ती मुदत घालवू नका. नोटीस कन्नडमध्ये असली तर जाणकाराकडून वाचून घ्या, हरकतीची पोचही घ्या. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.