नवरा-बायकोची भाषा

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. मधल्या काळात जे रणकंदन झालं ते शाळा आणि सरकारभोवती. परदेशात राहणाऱ्या, एक मराठी आणि दुसरा अन्यभाषक अशा मिश्र जोडप्याच्या घरात शाळेचा किंवा सरकारचा हात पोचत नाही. तिथे मराठीचं काय होणार ते नवरा-बायको आपसात काय बोलतात यावर ठरतं.

भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लांडर्स भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. दोघेही पालक घरात फक्त अल्पसंख्य भाषा, म्हणजे तिथली डच सोडून दुसरी, बोलत, तिथे जवळपास सगळ्या घरांत मुलं ती बोलत होती. एका पालकाने एक भाषा बोलायची, दुसऱ्याने दुसरी, हा लोकप्रिय तोडगा काढलेल्या साधारण चारांतल्या एका घरात मुलं अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हती. कारण उघड आहे. सगळे एकत्र बसले की ज्याला एकच भाषा कळते, त्याच्यासाठी सगळे त्या भाषेवर येतात.

म्हणून माझ्या मते जोडीदाराने मराठी अस्खलित बोलण्याचा हट्ट सोडावा. समजण्याचा मात्र धरावा. एकाने मराठीत विचारावं, दुसऱ्याने आपल्या भाषेत उत्तर द्यावं. ऐकायला विचित्र वाटतं, पण छान चालतं.

ज्या भाषेत ओळख झाली ती पुढे बदलणं मात्र जड जातं. ‘उद्यापासून फक्त मराठी’ हा बेत आठवडाभरही टिकत नाही, कारण अडखळत बोलणारा माणूस स्वतःलाच कमी हुशार वाटू लागतो. त्यापेक्षा एकच काम धरावं: भांडी आवरणं किंवा संध्याकाळचा फेरफटका. रोज वीसेक मिनिटं. त्याच कामात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि जिभेवर बसतात. मग दुसरं काम.

खरा घोटाळा शिकवण्यात होतो. बायकोकडून मराठी शिकलेला नवरा ‘मी येते’ म्हणतो, नवऱ्याकडून शिकलेली बायको ‘मी जातो’. घरात फक्त ‘तू’ ऐकलेला जावई सासूबाईंनाही ‘तू कधी आलीस?’ विचारतो आणि सगळे हसतात. तो पुढचे सहा महिने गप्प. यासाठी घराबाहेरचे आवाज हवेत: पुरुषाने मराठी पुरुषांना ऐकावं, बाईने बायकांना. व्याकरण शिकवणीत शिकावं, जोडीदाराकडून नाही. घरात कोणी ‘काल मी पत्र लिहिली’ म्हटलं तर ‘कुणाला लिहिलंस पत्र?’ एवढं विचारलं तरी दुरुस्ती होते. वाक्यागणिक टोकलं की बोलणंच बंद होतं.

मराठी-तमिळ जोडपं जर्मनीत असेल तर पेच वाढतो. आपसात इंग्रजी, बाहेर जर्मन. मग मराठी आणि तमिळ दोन्ही एकेका पालकाच्या फावल्या वेळावर जगतात. अशा घरात कोणत्या भाषेला किती तास, हे मूल बोलायला लागण्याआधीच बोलून घ्यावं. मायदेशी मराठीसाठी तावातावाने भांडणाऱ्यांपैकी किती जण घरात हा हिशोब करतात, देव जाणे.

भांडण, डॉक्टर आणि पैसे या बाबतींत मात्र भाषेचा सराव करू नये. घरकर्जाच्या कागदावर अर्धवट कळलेल्या भाषेत ‘हो’ म्हणणारा जोडीदार पुढे ‘मला हे सांगितलंच नव्हतं’ म्हणतो, आणि ते खरंच असतं.