ओंडक्यांना जुनं इंजिन ऑइल चोपडू नका

‘तोडलेल्या झाडाचे ओंडके फेकू नका, बाग सजवा’ असा एक लांबलचक मजकूर गेले काही दिवस मोबाइलवर फिरतो आहे. त्यात पाच दावे आहेत. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल चोपडलं की ओंडका वीस वर्षं सडत नाही, वाळवीही लागत नाही. ओंडके पुरलेल्या वाफ्याला खतपाणी लागत नाही. ओंडक्यावरची अळंबी मातीत उगवलेली नसते, म्हणून बिनधास्त खावी. ओंडका कोरला की कुंडी तयार. आणि खालची बाजू जाळून काळी केली की तो मातीत कितीही वर्षं राहतो. काल मावशीने विचारलं, “तेलाचे दोन हात देऊन झाले, आता कडेने पालक लावू का?” नाही, लावायचा नाही. आणि हे एकट्या मावशीला सांगून भागणार नाही.

सगळ्यात आधी तेल, कारण नुकसान तिथे आहे. जुनं ऑइल म्हणजे नुसतं काळं पडलेलं वंगण नव्हे. इंजिनात वापरताना त्यात बेंझोपायरीनसारखी घातक हायड्रोकार्बनं साठत जातात, झिजलेल्या भागांतले धातूंचे कण उतरतात, आणि वंगणात मुळात घातलेलं जस्त असतंच. बेंझोपायरीन माणसाला कर्करोग करतं, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्याच गटात टाकलेलं आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए सांगते की गाडीच्या एका ऑइल बदलातून निघणारं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडं पाणी दूषित करू शकतं. आता वाफ्याचा हिशेब करा. 30 सेंमी जाडीच्या, मीटरभर लांबीच्या ओंडक्याला दोन हातांत अर्धा लिटर तेल गेलं असं धरलं, तर वाफ्याभोवती कड म्हणून लावलेल्या आठ ओंडक्यांना चार लिटर लागतं. एका गाडीचं सगळं तेल आपण भाजीच्या मुळाशी ओतून ठेवतो.

ते ओंडक्यातच राहील असंही नाही. पावसाने आणि रोजच्या पाण्याने ते उतरत राहतं. तेलकट झालेली माती पाणी धरत नाही. वर थेंब गोळा होतात आणि बाजूने वाहून जातात. मुळा-गाजराच्या सालीला हीच माती चिकटते, पालेभाजीच्या खालच्या पानांवर तिचेच शिंतोडे उडतात, खुरपणाऱ्याच्या नखांत तीच जाते.

एवढं करून लाकूड टिकतं का? तेही नाही. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ओंडका म्हणजे एकत्र बांधलेल्या बारीक नळ्यांची मोळी. पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडातून आत शिरतं, बाजूने फार थोडं. बाजूला चोपडलेलं तेल जेमतेम काही मिलिमीटर आत जातं. शिवाय वाळताना लाकूड वाढीच्या गोल कड्यांच्या (वलयांच्या) दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून बाहेरच्या दिशेने आकसतं. म्हणूनच गोल ओंडक्याला सालीपासून गाभ्याकडे पाचरीसारखी चीर पडते. तेल लावून सहा महिने मातीवर ठेवलेला ओंडका आडवा कापून पाहिला, तर कडेला काही मिलिमीटरची काळी रेघ दिसते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना कोरं, ओलसर लाकूड. बुरशी आणि वाळवी तिथूनच आत जातात. ओंडका ओला असताना तेल लावलं असेल तर आतली ओल कोंडते आणि काम आणखी लवकर बिघडतं.

ज्यांनी आधीच लावलं आहे त्यांनी ते ओंडके भाजीपासून दूर हलवावेत. ते चुलीत किंवा शेकोटीत जाळू नयेत, कारण धुरातून तेच पदार्थ श्वासात जातात. जिथे काळा डाग किंवा वास आहे तिथली माती 10–15 सेंमी खोल खरवडून काढावी, पण कंपोस्टमध्ये टाकू नये. उरलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावं.

ओंडका टिकवायचा असेल तर लेपापेक्षा ओल महत्त्वाची. लाकडातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली राहिलं की बुरशीला वाढता येत नाही. ओंडका सडतो तो नेमका जमिनीलगत, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. साल पूर्ण काढा, कारण साल ओल धरते आणि तिच्याखाली लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात. दोन्ही तोंडांना मेण लावा, म्हणजे ती घाईने वाळून फाटणार नाहीत. मग ओंडका सावलीत, विटांवर उचलून, हवा खेळेल असा ठेवा. फळ्या वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे, म्हणून जाड ओंडका दोन महिन्यांत वाळेल ही अपेक्षा सोडा. बसवताना खाली 5–8 सेंमी खडीचा थर घाला. झाडाची निवडही बघा: आतला गडद गाभा टिकतो, बाहेरचं फिकट लाकूड कुठल्याच झाडाचं टिकत नाही. तेल लावायचंच असेल तर वाळलेल्या लाकडाला जवसाचं लावा. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे ढिगात ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात; ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अळंबीचा दावा तर जिवावर बेतणारा आहे. ‘लाकडावरची म्हणजे सुरक्षित’ असा कुठलाही नियम नाही. गॅलेरिना मार्जिनाटा ही लहानशी तपकिरी अळंबी कुजक्या लाकडावरच उगवते आणि तिच्यात यकृत निकामी करणारं अमाटॉक्सिन असतं. ते शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब खाल्ल्यावर लगेच होत नाहीत, बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात. तोवर विष भिनलेलं असतं. मध्येच बरं वाटू लागतं आणि माणूस डॉक्टरांकडे जायचं टाळतो. ओंडक्यावर आपोआप उगवलेली अळंबी खायची नाही, बस्स. ती ओंडका कुजवणाऱ्या बुरशीचाच वर आलेला भाग असते, म्हणजे आत कुजणं सुरू असल्याचं सांगते.

पुरलेल्या ओंडक्यांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मान्य करायला हवं. कुजून मऊ झालेलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं. ताजं धरत नाही. लाकडात नत्राच्या मानाने कार्बन शेकडो पट असतो, तर कुजवणाऱ्या जीवांना तो 25–30 पटच हवा असतो. कमी पडणारं नत्र ते आजूबाजूच्या मातीतून ओढतात. अखंड ओंडका फक्त पृष्ठभागावर कुजतो म्हणून ही ओढ थोडी असते. खरा त्रास होतो तो भुसा मातीत मिसळल्यावर, पानं पिवळी पडतात. म्हणून 30–40 सेंमीचा चर खणा, तळाशी अर्धवट कुजलेले ओंडके ठेवा, फटींत माती ठासा (पोकळी राहिली तर मुळं सुकतात आणि उंदीर घर करतात). त्यावर काटक्या, हिरवा पाला, कंपोस्ट आणि वर 20–25 सेंमी माती घाला, आणि प्रत्येक थर पाण्याने भिजवा. पहिल्या हंगामात चवळी किंवा घेवडा लावा. वाफा खाली बसतो, तेव्हा दरवर्षी वरून माती घालावीच लागते. पाणी पहिली दोन वर्षं नेहमीसारखंच द्यायचं.

कुंडी कोरायला हरकत नाही, पण मजकुरात पाण्याच्या वाटेचा शब्दही नाही. आडव्या ओंडक्यात कडेला 4–5 सेंमी भिंत राखून पटाशीने 10 सेंमी खोल खोबण काढा. तळाला दर 15–20 सेंमीवर 12 मिमीचं भोक आरपार पाडा. जमिनीतच असलेल्या बुंध्याला खाली भोक पाडून उपयोग नाही. खोबणीच्या तळापासून बाहेर उतरतं तिरकं भोक पाडा, नाहीतर पावसात रोपांची मुळं कुजतात.

जाळून काळं केलेलं लाकूड भिंतीवर उन्हापावसात बरं टिकतं, मातीत नाही. कोळशाच्या थराला तडे जातात आणि त्याखाली कोरं लाकूड तसंच असतं.

राहिली वाळवी. मातीवर ठेवलेल्या ओंडक्याला ती लागू शकते, पण ती बहुतेक वेळा मातीत आधीपासून असते, ओंडक्यासोबत आलेली नसते. तरीही ओंडका घराच्या भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा आणि चौकटीला कधीच टेकवू नका. महिन्यातून एकदा उलटून पाहा. खालच्या बाजूला पेन्सिलएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या, तर एक नळी मध्येच फोडून दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. तुटलेली जागा बुजलेली असेल तर वाळवी आत आहे. तो ओंडका तिथून उचलून भिंतीपासून लांब टाका.