तारेतली गाळलेली दोन वाक्यं

माझे वडील तारमास्तर होते. लग्नाची तार असो की मयताची, आलेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवायचा आणि शिपायाच्या हाती द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणूनच असेल, अमेरिकन यादवी युद्धातली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

२८ जून १८६२. बंडखोर दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वेशीपाशी पोचलेला उत्तरेचा जनरल मॅक्लेलन आदल्या दिवशी गेन्स मिलची लढाई हरला होता. मध्यरात्र उलटल्यावर त्याने युद्धमंत्री स्टँटनला तार केली. फौज अपुरी होती, दोष माझा नाही, असं सांगून शेवटी लिहिलं, हे सैन्य मी आता वाचवलं तर तुमचे किंवा वॉशिंग्टनमधल्या कुणाचेही उपकार मानणार नाही. या सैन्याचा बळी द्यायला तुम्ही काही कमी केलेलं नाही.

वॉशिंग्टनला तारांवर देखरेख करणारा सॅनफर्ड नावाचा अधिकारी होता. त्याने ही दोन वाक्यं गाळली आणि बाकीची तार मंत्र्याकडे पाठवली.

मॅक्लेलनची वकिली मला करायची नाही. गेन्स मिलला नदीपलीकडे त्याच्याच हाताखालच्या पोर्टरची फौज भरडून निघत होती, तेव्हा अलीकडे त्याचं साठ हजारांच्या आसपास सैन्य जवळजवळ बसून होतं. शत्रू दोन लाख आहे असं तो धरून चालला होता, दक्षिणेचा सेनापती ली याच्याकडे त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. पण तक्रार सगळीच खोटी नव्हती. एप्रिलमध्ये स्टँटननेच सैन्यभरती बंद केली होती, आणि उत्तरेचाच दुसरा जनरल मॅकडॉवेल याची फौज राजधानी वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी अडवून ठेवली होती.

म्हणून मला सॅनफर्डचा राग येतो. सेनापती आपल्याला सैन्याचा मारेकरी समजतो, हे मंत्र्याला त्याच्याच शब्दांत कळायला हवं होतं. त्यावर त्याला काढायचं की कुमक पाठवायची, हे मंत्र्याने आणि अध्यक्षांनी ठरवलं असतं. तारखात्याला तो अधिकार कुणी दिला?

अध्यक्ष लिंकनचं उत्तर आलं ते उरलेल्या तारेला. काहीही करून सैन्य वाचवा, जमेल तितक्या लवकर कुमक पाठवतो, तुमच्यावरचं संकट मलाही तुमच्याइतकंच लागतं. पुढे मॅक्लेलनने बायकोला लिहिलं की हे ते मला कधीच माफ करणार नाहीत, लिहितानाच ठाऊक होतं, पण कदाचित आपलं शेवटचं लिहिणं असेल म्हणून खरं तेच लिहिलं.

ज्याला लिहिलं, त्याच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.