पोटगी म्हणजे पगाराचे २५ टक्के, असा कायदा नाहीये

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय की घटस्फोट झाला की नवऱ्याच्या पगारातले २५ टक्के बायकोला फिक्स, आणि ती नोकरी करत असेल तर शून्य. दोन्ही चुकीचंय. २५ टक्क्यांचा उल्लेख सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालात आहे, तोही हातात येणाऱ्या पगारावर आणि त्या केसमध्ये. नंतर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालात कोर्टाने स्पष्ट सांगितलं की ठरलेला फॉर्म्युलाच नाही, दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं ॲफिडेव्हिटवर द्यायचं आणि मग कोर्ट राहणीमान, मुलं कोणाकडे, घरभाडं, तिने संसारासाठी नोकरी सोडली का हे बघून आकडा ठरवतं. बायको कमावते म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, आणि हो, हिंदू विवाह कायद्यात पुरेशी कमाई नसलेला नवराही मागू शकतो.

माझ्या ओळखीतली एक ताई हा मेसेज वाचून अर्जच करणार नव्हती, खूप वाईट वाटलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून उगाच थांबू नका. वकील परवडत नसेल तर ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.