जिथं फाटलं तिथंच ठिगळ? एका एप्रिलच्या मेसेजला उत्तर

एप्रिल उजाडला की फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मूळ कुणी लिहिला कुणास ठाऊक. दर वर्षी संघांची नावं तेवढी बदलतात. सांगणं एकच: एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) ड्राफ्टमध्ये संघानं आपली सगळ्यात कमकुवत जागा शोधावी आणि पहिल्या फेरीत त्याच जागेवरचा खेळाडू उचलावा, बाकी सगळी मॅनेजर लोकांची मिजास. खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक. यंदा हा मेसेज माझ्या मेव्हण्यानं थेट पुण्याहून पाठवला. तो सोमवारी ऑफिस असूनही रविवारी रात्रभर जागून सामने बघतो, त्यामुळे त्याला नुसता अंगठा दाखवून चालत नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर.

ड्राफ्ट ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आयपीएलसारखा लिलाव नव्हे. ३२ संघ, सात फेऱ्या, समोर कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू. गेल्या मोसमात जो तळाला, त्याची पाळी आधी. बोली नाही, पाळी आली की नाव सांगायचं. आणि पगार खेळाडू कितव्या नंबरला गेला त्यावर ठरतो, कुठल्या जागेवर खेळतो त्यावर नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुद्दा १ : "सगळ्यात मोठं भगदाड आधी बुजवा."

यासाठी लांब जायला नको, आमच्याच फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२० चा ड्राफ्ट घेऊ. २०१९ च्या मोसमात आमचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकामागून एक जायबंदी झाले. मोसमाच्या शेवटी चेंडू झेलायला कोण, तर ग्रेग वॉर्ड, जो कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता! भगदाड कुठे आहे यावर फिलाडेल्फियात दुमत असणारा माणूस शोधून सापडला नसता.

ड्राफ्ट आला तो लॉकडाउनमध्ये. कमिशनर रॉजर गुडेल स्वतःच्या घराच्या तळघरात बसून नावं वाचतायत, प्रशिक्षक आपापल्या दिवाणखान्यात, आणि आम्ही सहा जण झूमवर, प्रत्येकाच्या चौकोनात मागे वाळत घातलेले कपडे. ईगल्सचा नंबर २१ वा. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) रिसीव्हर जस्टिन जेफरसन अजून शिल्लक होता. जानेवारीतच राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेल्या संघाचा, १११ झेल घेतलेला पोरगा. आमच्यातल्या एकानं तर चहाचा कप ठेवून हात जोडले. गुडेलनी नाव वाचलं, जेलन रेगर. पुढचा, २२ वा नंबर मिनेसोटा वायकिंग्जचा. त्यांनी जेफरसनला घ्यायला फारसा विचार केला असेल असं वाटत नाही.

जेफरसननं पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड काढले, २०२२ मध्ये १,८०९ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. रेगरचे ईगल्समधल्या दोन मोसमांत मिळून ७०० यार्डही झाले नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही त्याला देऊन टाकलं. कुणाला? वायकिंग्जलाच.

आता मेसेजवाले म्हणतील, भगदाड रिसीव्हरचंच होतं, तुम्ही माणूस चुकीचा निवडलात, यात नियमाचा काय दोष? दोष आहे. गरज डोक्यात घट्ट बसली की माणूस गरजेचं माप घेऊन दुकानात शिरतो. ईगल्सना नुसता रिसीव्हर नको होता, लांब पळणारा वेगवान रिसीव्हर हवा होता. जेफरसन त्यांना मधल्या पट्ट्यात, स्लॉटमध्ये खेळणारा वाटला. ठिगळाच्या मापाचा तुकडा शोधायला गेलात की शेजारी पडलेला अख्खा तागा दिसत नाही.

गोष्ट इथंच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीत, ५३ व्या नंबरवर त्याच ईगल्सनी जेलन हर्ट्‌स नावाचा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅकची गरज? शून्य. आदल्याच वर्षी कार्सन वेन्ट्‌झला चार वर्षांचा १२ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला होता. झूमवरचा एक चौकोन काळा झाला, गृहस्थ लॅपटॉप मिटून झोपायला गेले. त्याच डिसेंबरात वेन्ट्‌झ बाकावर बसला, काही महिन्यांत इंडियानापोलिसला गेला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ नं हरवलं तेव्हा सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला हर्ट्‌स.

एकच संघ, एकच ड्राफ्ट, मध्ये एक रात्र. गरजेपोटी घेतलेला निघून गेला आणि 'गरज नसताना' घेतलेल्यानं करंडक आणला. एका उदाहरणावर सिद्धान्त उभा करू नये हे मलाही कळतं, म्हणून पुढे चला.

मुद्दा २ : "जिथं चांगला माणूस आहे तिथं दुसरा घेणं म्हणजे पिक वाया घालवणं."

१९९६. क्लीव्हलंडहून बाल्टिमोरला आलेल्या संघाचा, म्हणजे रेव्हन्सचा, पहिलाच ड्राफ्ट. नंबर चौथा. संघाला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, हवा होता आणि मालक आर्ट मोडेल यांच्या मनात नेब्रास्काचा लॉरेन्स फिलिप्स भरला होता. संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या ऑझी न्यूसम यांच्या यादीत मात्र सगळ्यात वर नाव होतं जॉनथन ऑग्डेनचं. ऑग्डेन लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा. त्या जागेवर रेव्हन्सकडे टोनी जोन्स होता, आणि चांगला होता. आपल्या मेसेजप्रमाणे ऑग्डेन घेणं म्हणजे शुद्ध चैन.

न्यूसमनी ऑग्डेनच घेतला. पहिलं वर्ष त्याला शेजारच्या गार्डच्या जागेवर खेळवलं. दुसऱ्या वर्षी जोन्सला डेन्व्हरला पाठवलं आणि ऑग्डेन आपल्या जागी आला, तो निवृत्त होईपर्यंत हललाच नाही. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याच पहिल्या फेरीत २६ व्या नंबरवर त्यांनी रे लुइस घेतला, तोही तिथेच आहे. फिलिप्स सहाव्या नंबरवर रॅम्सकडे गेला आणि त्याची कारकीर्द काही मोसमांतच विस्कटली.

मेसेज लिहिणाऱ्याची चूक अगदी साधी आहे. तो येत्या सप्टेंबरकडे बघतो. पण ड्राफ्टमधल्या खेळाडूशी करार होतो चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष वाढवून घ्यायचा हक्क संघाकडे असतो. आजचं भरलेलं घर तिसऱ्या वर्षी रिकामं असतं. कुणाचा गुडघा जातो, कुणी वाढीव पगार मागतो, कुणी म्हातारा होतो. ग्रीन बे पॅकर्सनी २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह असताना २४ व्या नंबरवर ॲरन रॉजर्स घेतला, आणि २०२० मध्ये रॉजर्स असताना २६ व्या नंबरवर जॉर्डन लव्ह. दुसऱ्या वेळी सगळं जग 'रिसीव्हर घ्या' म्हणून ओरडत होतं. खरं सांगायचं तर त्या ओरडण्यातही तथ्य होतं. रॉजर्स पुढची दोन्ही वर्षं एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि पॅकर्स तरीही सुपर बोलच्या अलीकडेच अडकले. एक चांगला रिसीव्हर असता तर? हा प्रश्न मी पॅकर्सच्या चाहत्यापुढे काढत नाही.

मुद्दा ३ : "आधी क्वार्टरबॅक वाचवा. लाइन नसेल तर रिसीव्हर काय चाटायचे?"

(लाइन म्हणजे क्वार्टरबॅकसमोर उभे राहून त्याला राखणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, कडेला टॅकल.) हा मुद्दा २०२१ पासून मेसेजात आहे, कारण त्या वर्षी सिनसिनाटी बेंगल्सनी नेमकं उलट केलं. आदल्या नोव्हेंबरात त्यांच्या क्वार्टरबॅकचा, जो बरोचा, गुडघा फाटला होता. पाचव्या नंबरवर त्यांच्यासमोर दोन नावं होती: टॅकल पेने सिवेल आणि बरोचा कॉलेजातला जोडीदार, रिसीव्हर जमार चेस. बेंगल्सनी चेस घेतला. ट्विटरवर लोकांनी बरोच्या नावानं श्रद्धांजल्या वाहिल्या.

त्या मोसमात बरोला ५१ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा पाडलं. लीगमध्ये सर्वाधिक. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्याच मोसमात चेसनं १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले आणि बेंगल्स सुपर बोलमध्ये पोहोचले. वाटेत टेनेसीविरुद्ध बरोला नऊ वेळा पाडलं, आणि तो सामना ते १९-१६ नं जिंकले. शेवटची किक मारली ती त्याच ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतल्या इव्हान मॅकफर्सननं. (किकर ड्राफ्टमध्ये घेतला म्हणूनही तेव्हा लोक हसले होते.)

"पण सुपर बोल हरले ना? सात सॅक!" हो, २०-२३. शेवटच्या डावात ॲरन डोनाल्डनं बरोला गाठलं आणि खेळ आटोपला. आता तो क्षण पुन्हा बघा. डोनाल्ड आत घुसला तो मधून, गार्डला हटवून. सिवेल टॅकल, तो कडेला उभा असता. सिवेल भारीच निघाला, डेट्रॉइटमध्ये तो ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तमांत गणला गेला, म्हणजे निवड दोन्हीकडून चुकलीच नसती. पण पाच जणांच्या लाइनीत एक माणूस बदलला की लाइन सुधारते हा समज सोडायला हवा. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कुठली, हे समोरचा संघ शोधून काढतोच. पुढच्या मार्चमध्ये बेंगल्सनी एक गार्ड, एक सेंटर आणि एक टॅकल मोकळ्या खेळाडूंच्या बाजारातून विकत आणले. तसे खेळाडू बाजारात मिळतात. चेस मिळत नाही.

मुद्दा ४ : "रनिंग बॅक, टाइट एंड आणि मधला लाइनबॅकर यांना पहिल्या फेरीत हातही लावू नका."

(टाइट एंड झेलही घेतो आणि समोरच्यांना अडवतोही; लाइनबॅकर बचाव फळीतला.) भाऊ, मग भगदाड रनिंग बॅकचंच असलं तर? पहिला मुद्दा की चौथा? मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगवेगळ्या ठिकाणचे मजकूर जोडले असावेत.

तरी यात अर्धं सत्य आहे, आणि ते सुरुवातीच्या त्या पगाराच्या वाक्यात आहे. २०११ च्या करारानं नवख्यांचे पगार नंबराला बांधले. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार मिळून साधारण २ कोटी २० लाख. म्हणजे क्वार्टरबॅक चांगला निघाला तर संघाला चार वर्षं तो कवडीमोलानं मिळतो, कारण बाजारात त्याचा भाव वर्षाला ५ कोटींच्या वर आहे. रनिंग बॅकचा बाजारभावच कमी, त्यामुळे दुसऱ्या नंबरवर घेतलेला सेक्वॉन बार्कली २०१८ मध्ये एक चेंडूही न धावता आपल्या जागेवरच्या महागड्या खेळाडूंत जाऊन बसला. बचत काहीच नाही. तोच बार्कली २०२४ मध्ये ईगल्सनी बाजारातून घेतला आणि तो २,००५ यार्ड धावला. वरच्या पाचात रनिंग बॅक घेताना मीही दहादा विचार करेन.

पण 'हातही लावू नका'? डेट्रॉइट लायन्सचा २०२३ चा ड्राफ्ट बघा. १२ वा जमीर गिब्स, रनिंग बॅक. १८ वा जॅक कॅम्पबेल, मधला लाइनबॅकर. ३४ वा सॅम लपोर्टा, टाइट एंड. मेसेजातली तिन्ही पापं, ओळीनं. शिवाय मार्चमध्येच त्यांनी डेव्हिड मॉन्टगोमेरी हा रनिंग बॅक घेऊन ठेवला होता, म्हणजे दुसऱ्या मुद्द्याचंही उल्लंघन. त्या रात्री टीव्हीवरचे पंडित जवळजवळ हळहळत होते. लपोर्टानं त्या वर्षी ८६ झेल घेतले, नवख्या टाइट एंडसाठी तोवरचा विक्रम. लायन्स ३२ वर्षांत पहिल्यांदा सुपर बोलच्या उंबरठ्यावर आले आणि पुढच्या मोसमात १५ सामने जिंकून फक्त २ हरले.

मुद्दा ५ : "'बेस्ट प्लेअर अव्हेलेबल' ही थाप आहे. गरज सगळेच बघतात."

मान्य. निव्वळ यादी बघून कुणीच निवडत नाही. तोडीस तोड दोन नावं असतील तर गरज बघावीच. २०२४ मध्ये ईगल्सना कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरांना रोखणारे, हवे होते आणि त्यांनी क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन असे लागोपाठ दोन घेतले. डिजीननं सुपर बोलमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास अडवून थेट टचडाउन केला, तोही आपल्या २२ व्या वाढदिवशी. माझं भांडण गरजेशी नाही, गरजेला यादीच्या वर बसवण्याशी आहे.

मुद्दा ६ : "चीफ्सकडे बघा! लाइन फाटली होती, लाइन शिवली, करंडक आणला."

मेव्हण्यानं याच मुद्द्याखाली तीन अंगठे टाकलेत. तर बघूच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅम्पा बेनं चीफ्सना ३१-९ असं धुतलं. महोम्स पूर्ण सामनाभर जीव मुठीत धरून पळत होता. भगदाड एवढं मोठं की पुण्यातून दिसावं. चीफ्सनी काय केलं? गार्ड जो थुनी मार्चच्या बाजारात पैसे मोजून घेतला. टॅकल ऑरलँडो ब्राउन बाल्टिमोरकडून अदलाबदलीत आणला. सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत ६३ व्या नंबरवर मिळाला. ट्रे स्मिथ फुप्फुसातल्या रक्ताच्या गाठींमुळे घसरत घसरत सहाव्या फेरीत २२६ व्या नंबरपर्यंत आला, तिथं तो उचलला. पाचवा अँड्र्यू वायली, त्याला तर कधी कुणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नव्हतं. आणि पहिल्या फेरीतली निवड? ती ब्राउनच्या बदल्यात आधीच बाल्टिमोरला देऊन झाली होती. म्हणजे शिवणकाम झालं, पण मेसेज सांगतो त्या सुईनं नाही.

दोन वर्षांनी हेच पाच जण सुपर बोलमध्ये ईगल्ससमोर उभे राहिले. आम्ही त्या मोसमात ७० सॅक केले होते. त्या रात्री एकही नाही. ३८-३५. मेव्हण्याचा फोन आला होता, मी उचलला नाही.