उभे ट्रक पाहून मोठी झालेली मुलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाई,

सही फक्त 'फोंड्याचा जुना नाटकवाला' अशी आहे, म्हणून भाई म्हणतो. माझ्या पहिल्या सिनेमाची कल्पना कुठवर आली हे मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही चांगलंच खडसावलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाईंचं म्हणणं असं : डिचोलीचा, म्हणजे गोव्याच्या खाणभागातला माणूस खाणींवर सिनेमा न करता नरकासुराच्या रात्रीवर (दिवाळीच्या पहाटे जाळायचा राक्षसाचा पुतळा पोरं मिरवतात ती रात्र) करतो, हा पळपुटेपणा आहे, पर्यटकांना दाखवायचा गोवा आहे. दुसरं, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं पहिल्या सिनेमात स्वतःचं बालपण सांगितलं, तसं मी माझी दहावी सांगावी, दुसऱ्यांच्या पोरांची मनं उकरू नयेत. तिसरं, मी नमुना म्हणून दिलेल्या संवादांत मुलं पुण्याची मराठी बोलतात. आणि शेवटचा प्रश्न : दीड वर्ष झालं, गोष्टीचा शेवट काय?

खाणीपासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात जास्त लागलं.

२००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदा पणजीत भरला तेव्हा मी अकरावीत होतो. चीनमधून खनिजाला मागणी वाढलेली ती वर्षं. शाळेच्या समोरून ट्रकांची रांग जायची, खाणीवरून नदीतल्या बार्जपर्यंत (खनिज वाहणाऱ्या होडीपर्यंत) आणि परत. वहीच्या पानावर तांबडी धूळ बसायची आणि बाईंना एकेक वाक्य दोनदा सांगावं लागायचं. माझ्या डोक्यातला सिनेमा त्या धुळीचाच होता. मी तो लिहिलाही. चाळीस पानं झाली : पंधरा वर्षांचा मुलगा, बापाचा ट्रक, बंद पडलेली खाण, बँकेचा हप्ता. आमच्या वाचनालयात दर शनिवारी दहा-बारा मुलं जमतात, आठवी ते अकरावीची. त्यांना मी ती पानं वाचून दाखवली. मुलं शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर नववीतला एक जण म्हणाला, "सर, खरेंच इतले ट्रक वताले?" खरंच एवढे ट्रक जायचे?

भाई, त्या प्रश्नानं माझी चाळीस पानं संपली. मी हिशेब केला. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल २०१० च्या आसपास जन्मलेलं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा ते दोन वर्षांचं. २०१४ च्या निकालानंतर मर्यादा घालून खाणी पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये परत बंद पडल्या, तेव्हा ते दुसरी-तिसरीत. आमच्या भागातल्या भरभराटीची त्याला आठवणच नाही. ट्रक ही त्याच्यासाठी अंगणात उभी असलेली वस्तू आहे. टायर बसलेले, ताडपत्रीवर शेवाळ, हौद्यात पावसाचं पाणी साचून उगवलेलं रान. एका घरी तर त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय आणि दोडकी चांगली लागतात.

माझ्या पटकथेतला मुलगा खाण बंद झाल्याच्या दुःखानं पेटलेला होता. ते दुःख माझ्या पिढीचं, फार तर त्याच्या बापाचं. मी ते पोराच्या तोंडात घातलं होतं, म्हणून तो वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखा बोलत होता.

मग खाण मुलांच्या आयुष्यात आहे कुठे? हे मी सरळ विचारलं असतं तर त्यांनी शाळेतल्या निबंधासारखं उत्तर दिलं असतं. म्हणून मी फक्त विचारलं, काल दुपारी दोन ते सहा काय केलंत? एकेका मिनिटाचं सांगा. त्यात एक मुलगी सहज बोलून गेली की मैत्रिणीकडे जायचं तर तिला मागच्या दारानं जावं लागतं, कारण पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बाबा बसलेले असतात. बाबा दुपारी घरी का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाबा नेहमीच घरी असतात, ट्रक बंद आहे ना. तिच्या आईला तिच्या वयात असा कुणी सोप्यावर बसलेला नव्हता. आजोबा दिवसभर कामावर असायचे. खाण बंद पडली आणि मुलीच्या येण्याजाण्यावर डोळा ठेवणारा एक माणूस घरात वाढला. हे मी कुठल्याच अहवालात वाचलेलं नाही आणि माझ्या चाळीस पानांत याचा मागमूस नव्हता.

तेव्हा मी खाण सोडलेली नाही, भाई. ती सोप्यावर बसलेली आहे.

आता नरकासुर. पर्यटकांचा गोवा म्हणालात, तिथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. त्या रात्री पर्यटक किनाऱ्यावर असतो. आमच्या वाड्यावर दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस पोरं सहामाही परीक्षेचा अभ्यास टाकून बांबू आणतात, सांगाडा बांधतात, भाताचं तण (पेंढा) भरतात, मैद्याची खळ शिजवून जुने पेपर चिकटवतात. पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात, रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवतात. हल्ली लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून घेतात आणि मान हलवायला मोटर बसवतात. मग ती रात्र, स्पर्धा, आणि दहानंतरच्या आवाजावरून दरवर्षी होणारा वाद. पहाटे छोट्या कृष्णाच्या हातून वध आणि जाळणं. घरोघरी पाणी तापलेलं, तुळशीपाशी कारीट फोडायचं, मग फोव, म्हणजे पोहे.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी ते लिहिलं ते गोष्ट बांधणाऱ्याच्या नजरेतून बघा. मोठ्यांच्या मदतीशिवाय मुलं पैसे जमवतात, जमाखर्च ठेवतात, भांडतात, फुटून दुसरा गट काढतात, आणि एका ठरलेल्या पहाटे ती वस्तू जळणार हे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक असतं. कुमारवयाच्या गोष्टींत मला नेहमी वेळ मोकळी सुटलेली दिसते. 'त्या वर्षी असं झालं' म्हणत ती कुठेही भरकटते. इथे पंधरा दिवस आणि एक रात्र, त्यापलीकडे काही नाही. पहिल्यांदा सिनेमा करणाऱ्याला असं कुंपण लागतं. आणि त्या कुंपणात ती मुलगी आली. वाड्यावर मुखवटा सगळ्यात चांगला तीच करते. डोळे कसे खोल घ्यायचे, ओठाला कुठे घडी द्यायची, हे पोरं तिलाच विचारतात. पण रात्री नऊ वाजले की तिला ऐकावं लागतं, "घरा वच गो आतां." आपण केलेला चेहरा उभा राहिलेला तिनं कधी पाहिला नाही, जळतानाही नाही. सकाळी रस्त्यावर राख आणि तारा दिसतात तेवढंच. तिला काय हवंय, हे मला एका ओळीत सांगता येतं : तिला तो चेहरा एकदा उभा बघायचाय. दीड वर्षात माझ्या हाती लागलेली खरी गोष्ट ही एवढी एक ओळ.

तुम्ही लिहिलंत की मुलगी नंतर कोंबली आहे. ती नंतर आली हे खरं. पण ती आली आणि बाकीचं जागेवर बसलं. आधी मध्यभागी जो मुलगा होता त्याला काहीच हवं नव्हतं, त्याच्याबाबतीत फक्त घडत होतं.

त्रुफोचा दाखला वजनदार आहे. 'द फोर हंड्रेड ब्लोज' १९५९ चा, त्याचा पहिला मोठा सिनेमा, त्याच्याच बालपणातून निघालेला, हे सगळं बरोबर. पण तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि मी सदतीसचा आहे. माझं पंधरावं वर्ष आणि या मुलांचं पंधरावं वर्ष, यांच्या मधल्या काळात मोबाइल आला, खाण गेली. शिवाय त्या सिनेमातला मानसतज्ज्ञापुढचा प्रसंग आठवा. तिथे मुख्य मुलाचं काम करणाऱ्या चौदा वर्षांच्या लेओला पाठ केलेले संवाद दिले नव्हते. प्रश्न विचारले गेले आणि त्यानं आपल्या शब्दांत उत्तरं दिली. स्वतःचीच गोष्ट सांगणारा दिग्दर्शकही नेमक्या त्या जागी गप्प बसला आणि मुलाला बोलू दिलं. मी शनिवारी तेवढंच करतोय.

'मनं उकरणं' या शब्दांनी मात्र माझी झोप गेली, आणि इथे तुमचं बरंचसं खरं आहे. पहिले तीन-चार महिने मी मुलांना काही न सांगता वहीत टिपून घेत होतो. ते चुकलं. आता नियम असा आहे की कुणी सांगितलेलं काहीही, कितीही बदलून, पटकथेत घ्यायचं झालं तर आधी ते पान त्याला किंवा तिला वाचून दाखवायचं, आणि 'नको' म्हटलं तर कारण विचारायचं नाही. घरच्यांशीही मी जाऊन बोललो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं 'नको' म्हटलं. तो माझ्या पटकथेतला सगळ्यात चांगला प्रसंग होता. तो काढला. काय होता ते इथेही लिहिणार नाही. त्या जागी अजून भोक आहे आणि मी ते शिवत बसलोय. दीड वर्षाचा हिशेब तुम्ही मागितलात, त्यातले चार महिने यात गेले.

उशीर मलाही परवडणारा नाही. चौदाव्या वर्षी ऐकलेला मुलगा सोळाव्या वर्षी तो राहत नाही. आवाज फुटतो, उंची वाढते, आणि आधीच्या गोष्टींची त्याला लाज वाटायला लागते. त्यात कायद्याची रेषाही चौदावरच आहे. चौदाखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, ओळीनं २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मला हे नियम योग्य वाटतात. त्यांच्यामुळे पटकथाही बदलली. माझा कृष्ण नऊ वर्षांचा आहे. त्याला रात्रभर जागा ठेवून पहाट टिपायची हे मला करायचंच नाही. त्यामुळे तो अख्ख्या रात्रीत कुठेच दिसत नाही, फक्त वधाला येतो, आणि ती पहाट आम्ही संध्याकाळी चित्रित करणार. उजेड तसाच मिळतो, फक्त आकाशाची बाजू सांभाळायची. मुख्य मुलं मी पंधरा-सोळाचीच घेणार.

भाषेबद्दल हात जोडतो. तुमचं बरोबर आहे. मराठीत लिहिताना माझा हात वाचलेल्या पुस्तकांकडे जातो, आणि ती पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईची. आमची मुलं आपसात कोंकणी बोलतात, शाळेतल्या बाईंशी मराठी, भजनात मराठी, उत्सवाच्या नाटकात मराठी, आणि पुढे शिकताना इंग्रजी अंगावर येतं. स्पर्धेचा निवेदक माइकवर एकाच वाक्यात तिन्ही आणतो. हे सगळं एका साफसूफ मराठीत ओतलं की मुलं खोटी होतात. आता ठरवलंय की आपसातलं बोलणं कोंकणीतच राहील, अगदी आमच्या तालुक्याचं. मराठी जिथे आहे तिथेच येईल : आजीच्या तोंडी अभंगात, बाईंच्या रागावण्यात, आणि मुलीच्या वहीत, कारण ती लिहिते मराठीतच. मग सिनेमा कुठल्या भाषेचा म्हणायचा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. गोव्यात हा प्रश्न साधा नाही हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण नाव काय द्यायचं यासाठी मी मुलांची जीभ वळवणार नाही.

राहिला शेवट. सुरुवातीला माझ्या डोक्यात शेवट तयार होता. नरकासुर तालुक्याच्या स्पर्धेला न्यायला ठरवलेली गाडी ऐनवेळी येत नाही, आणि बाप सोप्यावरून उठून इतक्या वर्षांनी ट्रक चालू करतो. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मुलांना वाचून दाखवलं तर सगळी एकदम हसली. ब्याटरी मेलेली, टायर फुटलेले, डिझेलच्या टाकीत गंज, कागदपत्रं संपलेली. चालू कसा होईल? त्यातल्या दोघांचे बाप ट्रकवाले. मी तो शेवट त्याच संध्याकाळी फाडला. पोरं आता नरकासुर ढकलगाडीवर घालून नेतात, आणि बाप सोप्यावरून फक्त बघतो.

मुलगी त्या रात्री मागच्या दारानं निघते, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे शनिवारच्या दोन मुलींचं भांडण लागलंय. एकीचं म्हणणं, तिला चेहरा बघायला मिळालाच पाहिजे, नाहीतर सिनेमा कशाला. दुसरी म्हणाली, मिळू दे की, पण ती परत येते तेव्हा आई पाणी तापवत बसलेली असणार, आणि सकाळी सगळ्यांसमोर फोव खायचे असणार. ते दाखव, सर, सगळे त्याच्या आधीच थांबतात.

पहाटे साडेपाच, चुलीपुढे आई, केसांत राखेचा वास घेऊन दारात उभी असलेली मुलगी. या शनिवारपर्यंत मला ते पान लिहून न्यायचंय. नाटकाच्या तालमीत तुम्ही अशा खूप जागा पाहिल्या असतील, भाई. त्या आईनं पहिलं काय म्हणावं, हे तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा.